सोसायटी आणि सिव्हिल सोसायटी

(रौप्यमहोत्सवी वर्षाच्या व्याख्यानमालेत सोसायटीच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सांस्कृतिक समितीने मला विषय दिला, ‘विकसनशील देशांतील नागरी समाजाची वाढ’. विषय ऐकून आमच्या मजल्यावरच्या एका वहिनींनी विचारलं, “काका, जेवण त्याच्या आधी आहे की नंतर?” नंतर आहे. त्यामुळे मी वेळेचं भान ठेवणार आहे.

आधी शब्दाचं बघू. इंग्रजीत ‘सिव्हिल सोसायटी’ म्हणतात, मराठी वर्तमानपत्रांत ‘नागरी समाज’ असं छापून येतं. ते वाचून पुष्कळांना वाटतं की हा शहरात राहणाऱ्या लोकांचा काहीतरी प्रकार असावा. तसं नाही. एका बाजूला सरकार आहे, ते कायद्याच्या जोरावर काम करतं. दुसऱ्या बाजूला बाजार आहे, तो नफ्यासाठी काम करतो. तिसरीकडे आपलं घर, तिथे नात्यावर कामं होतात. या तिन्हींच्या मधल्या मोकळ्या जागेत जेव्हा लोक आपणहून एकत्र येतात, वर्गणी काढतात, सभा घेतात, भांडतात आणि काहीतरी करून दाखवतात, तो नागरी समाज. भजनी मंडळ, कामगार संघटना, वाचनालय, बचत गट, ग्राहक पंचायत हे सगळं त्यात आलं. सहकारी गृहनिर्माण सोसायटीही त्यात येते, जरी आपण ती मुख्यतः पाणी आणि पार्किंगसाठी आठवत असलो तरी.

ही कल्पना बाहेरून आपल्याकडे आली असं काही जण मानतात. माझं मत वेगळं आहे. पुण्याची सार्वजनिक सभा 1870 ची. पर्वती देवस्थानच्या कारभाराबद्दल लोकांच्या तक्रारी होत्या, तिथून तिचा उगम झाला. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, तिच्यामागे होते. त्या सभेचा एक नियम मला फार आवडतो. सभासद व्हायचं तर किमान 50 लोकांचं मुखत्यारपत्र आणावं लागे. म्हणजे ‘मी जनतेच्या वतीने बोलतो’ असं नुसतं म्हणून चालत नव्हतं, 50 जणांच्या सह्या दाखवाव्या लागत. आज टीव्हीवर जनतेच्या वतीने बोलणाऱ्यांना हा नियम लावला तर चॅनेलं शांत होतील! पण तो आपला विषय नाही. मला आज मुख्यतः सांगायचं आहे ते स्वातंत्र्यानंतरच्या काळातलं, आणि सुरुवात आपल्या शेजारच्या देशापासून करायची आहे.

नोव्हेंबर 1970 मध्ये तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानच्या किनाऱ्यावर प्रचंड चक्रीवादळ आलं. भोला हे त्या बेटाचं नाव. तीन ते पाच लाख माणसं गेली असा अंदाज आहे. चितगावला शेल या तेल कंपनीत फझले हसन आबेद नावाचा एक तरुण अधिकारी हिशेब खात्याचा प्रमुख होता. लंडनला शिकलेला कॉस्ट अकाउंटंट. वादळानंतर तो मित्रांबरोबर मदत घेऊन बेटांवर गेला आणि जे पाहिलं त्याने त्याचं नोकरीतलं मन उडालं. पुढच्याच वर्षी मुक्तियुद्ध झालं. एक कोटीच्या आसपास निर्वासित भारतात आले. युद्ध संपल्यावर, 1972 मध्ये, आबेद यांनी लंडनमधला आपला फ्लॅट विकला आणि ते पैसे घेऊन ते सिल्हेटच्या बाजूच्या शल्ला नावाच्या भागात गेले. तिथे भारतातल्या छावण्यांतून परत आलेली गरीब, बहुतेक मच्छीमार कुटुंबं होती. घरं जळलेली, नावा गेलेल्या. तिथे घरं बांधण्यापासून जी संस्था सुरू झाली तिचं नाव ब्रॅक. आज जगातल्या सगळ्यात मोठ्या स्वयंसेवी संस्थांत तिचं नाव घेतात. तिची बँक आहे, विद्यापीठ आहे, हस्तकलेची दुकानं आहेत.

मला सांगायचं आहे ते मीठ-गुळाच्या पाण्याबद्दल.

जुलाबाने लहान मूल दगावतं ते बहुतेक वेळा अंगातलं पाणी आणि क्षार गेल्यामुळे. साखर आणि मीठ ठराविक प्रमाणात पाण्यात मिसळून पाजत राहिलं तर मूल वाचतं, हे 1960 च्या दशकाच्या शेवटी ढाका आणि कलकत्त्याच्या संशोधकांनी दाखवलं होतं. 1971 मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला. शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलेलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी हेच द्रावण पिंपांत भरून रुग्णांच्या नातेवाइकांच्या हातात दिलं, तुम्हीच पाजा म्हणून. मृत्यूचं प्रमाण जिथे शंभरात तीस होतं तिथे ते चारच्याही खाली आलं. डॉक्टरसाहेब 2022 मध्ये गेले, त्यानंतर त्यांना पद्मविभूषण मिळालं. जिवंतपणी त्यांचं नाव आपल्यापैकी कितीजणांना माहीत होतं? असो.

आता औषध सापडलं, पण ते लाखो खेड्यांत पोचवायचं कसं? सरकारकडे तेवढे दवाखाने नव्हते. कारखान्यातली पाकिटं पुरणार नव्हती. ब्रॅकने ठरवलं की प्रत्येक घरातल्या आईला ते करायला शिकवायचं. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. बायकांच्या छोट्या तुकड्या घरोघर फिरू लागल्या. 1980 ते 1990 या दहा वर्षांत एक कोटी वीस लाखांहून अधिक घरांत समोरासमोर बसून हे शिकवलं गेलं.

माझ्यासारख्या बँकेतल्या माणसाला त्यात सगळ्यात काय आवडलं असेल तर त्यांची तपासणीची पद्धत. कार्यकर्तीला पगार किती घरं केली यावर नव्हता. आईला सांगायचे मुद्दे सुरुवातीला दहा होते. काही दिवसांनी दुसराच तपासनीस निवडक घरी जाई आणि आईला विचारी, काय काय आठवतं सांगा, आता पाणी करून दाखवा. तिला जितकं नीट जमलं त्या प्रमाणात शिकवणारीला पैसे. केलेल्या पाण्याचे नमुनेसुद्धा तपासले जात. बघा, शिकवलं किती याला मोल नाही, समोरच्याला आलं किती याला मोल. आपल्या शाळा-कॉलेजांना हा नियम लावायचा का, हा प्रश्न मी इथे बसलेल्या शिक्षक सभासदांवर सोडतो. (आता हसू नका, ते उद्या मला जिन्यात गाठतील.)

पण गोष्ट इथे संपत नाही. मध्येच असं लक्षात आलं की बायकांना सगळं पाठ आहे, पण मुलाला जुलाब झाले की त्या हे पाणी देतच नाहीत. असं का होतं याचा संस्थेने शोध घेतला. दोन गोष्टी सापडल्या. एक, शिकवणाऱ्या कार्यकर्त्यांचाच त्या पाण्यावर पुरता विश्वास नव्हता, स्वतःला त्रास झाला की त्या गोळ्या घेत. दुसरी, घरातल्या पुरुषांना कुणी काही सांगितलंच नव्हतं, त्यामुळे ते नाराज होते. मग कार्यकर्त्यांचं प्रशिक्षण पुन्हा केलं गेलं. पुरुष कार्यकर्ते बाजारात, मशिदीत, शाळांत जाऊन पुरुषांशी बोलू लागले. त्यानंतर वापर वाढला. सरकारी योजना अशी अडली असती तर ‘लाभार्थींना प्रशिक्षण दिले’ असा अहवाल जाऊन फाइल बंद झाली असती. ब्रॅकला स्वतःच्याच कामाला नापास करायची भीती वाटली नाही. नागरी समाजाची खरी ताकद मला इथे दिसते. पैशाने आणि माणसांनी सरकार नेहमीच मोठं असतं. पण उंबरठ्याच्या आत काय चाललंय हे विचारायची सवय आणि सवड या लोकांकडे असते.

त्याच देशात, त्याच काळात, चितगाव विद्यापीठातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक मुहम्मद युनूस यांनी जोब्रा गावात सावकाराच्या कचाट्यातल्या 42 जणांना मिळून 856 टका दिले. हे 1976 साल. त्यातून 1983 मध्ये ग्रामीण बँक झाली आणि 2006 मध्ये नोबेल शांतता पुरस्कार मिळाला. ही गोष्ट तुम्हाला माहीत आहे, म्हणून मी तिच्यावर थांबत नाही. युनूस पुढे 2024 मध्ये अंतरिम सरकारचे मुख्य सल्लागार झाले. नागरी समाजातला माणूस सरकारात गेला की त्याचं काय होतं, हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

आता आपल्या देशात येऊ. अहमदाबादला इलाबेन भट्ट या वकील बाई कापड कामगारांच्या संघटनेत काम करत होत्या. डोक्यावर ओझी वाहणाऱ्या, हातगाडी ओढणाऱ्या, भाजी विकणाऱ्या, गोधड्या शिवणाऱ्या बायकांची त्यांनी 1972 मध्ये ‘सेवा’ ही संघटना काढली. नोंदणीला गेल्या तर कामगार खात्याचा आक्षेप : यांचा मालक कोण? मालक नाही तर कामगार कसल्या, आणि कामगार नाहीत तर युनियन कसली? बायकांचं म्हणणं, आम्हाला कुणाशी भांडायचंय म्हणून युनियन हवी असं नाही, आम्हाला आमच्यात एक व्हायचंय म्हणून हवी. बराच काथ्याकूट होऊन नोंदणी झाली.

मग त्यांना बँक हवी झाली. त्या वेळी बँकांचं राष्ट्रीयीकरण होऊन पाच वर्षं होत होती. गरिबांना कर्ज द्या असा आदेश होता. पण फाटक्या लुगड्यातली, कडेवर मूल घेतलेली बाई काउंटरशी आली की आमच्या बँकिंग क्षेत्राला काय करावं कळत नसे. मी या क्षेत्रात पस्तीस वर्षं काढली आहेत, म्हणून हे सांगायचा मला हक्क आहे. तेव्हा सेवाच्या सभेत जुने कपडे विकणाऱ्या एका बाईने विचारलं की आपण आपलीच बँक का काढू नये? 4,000 बायकांनी दहा-दहा रुपये भाग भांडवल म्हणून घातले आणि 1974 मध्ये सहकारी बँक उभी राहिली. नोंदणीच्या अर्जावर प्रवर्तकांच्या सह्या हव्या होत्या आणि प्रवर्तक बायका अक्षरशत्रू. त्या रात्रभर जागून सही करायला शिकल्या.

पुढचा तपशील माझ्या जुन्या सहकाऱ्यांसाठी. खातेदार निरक्षर, तर ओळख कशी पटवायची? अंगठा काही काउंटरवरच्या माणसाला वाचता येत नाही. त्यांनी पासबुकावर फोटो लावला, आणि फोटोत बाईच्या हातात खाते क्रमांक लिहिलेली पाटी. झालं काम! फोटो असलेलं पासबुक आमच्या बड्या बँकांत रूढ व्हायला त्यानंतर किती वर्षं लागली ते इथल्या निवृत्त मंडळींना आठवत असेल. ही सुधारणा कुठल्या सल्लागार कंपनीने सुचवली नव्हती. ती गरजेतून, खातेदाराकडे तोंड करून बसलेल्या माणसांना सुचली.

माझ्या स्वतःच्या नोकरीतला एक अनुभव इथे सांगतो. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी होतो. नाबार्डने 1992 मध्ये बचत गट बँकांना जोडायचा प्रायोगिक कार्यक्रम आणला, देशभरात सुरुवातीला 500 गटांचा. त्यानंतर थोड्याच दिवसांत बारा-तेरा बायका आमच्या शाखेत आल्या. म्हणाल्या, गटाच्या नावाने खातं काढायचंय. त्यांच्याकडे एक पत्र्याची पेटी होती. तिला तीन कुलपं, तीन किल्ल्या तीन बायकांकडे. पेटी उघडायची तर तिघी हजर पाहिजेत. मी आमच्या कॅशियरकडे बघितलं. तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे ठेवायचा नियम आम्हाला प्रशिक्षण केंद्रात शिकवला होता. या बायकांना तो कुणी शिकवला नव्हता आणि त्यांच्याकडे किल्ली एक जास्तच होती.

फॉर्मवर ‘नोंदणी क्रमांक’ असा रकाना होता. गटाची नोंदणी कुठेच नव्हती. रिझर्व्ह बँकेने परवानगी दिली आहे हे परिपत्रक दाखवूनसुद्धा वरच्या कार्यालयातून दोनदा खुलासा मागवला गेला. खातं निघालं. सहा महिन्यांनी पहिलं कर्ज दिलं. कुणाला कशासाठी द्यायचं हे त्या ठरवत होत्या, आम्ही नाही. एकीला शेळी, एकीला मुलीच्या बाळंतपणाला, एकीला सावकाराचं फेडायला. आमच्या नियमात बाळंतपण हे ‘अनुत्पादक’ कर्ज. त्यांच्या नियमात नव्हतं. एका वर्षी पाऊस गेला. तेव्हा दोघींचा हप्ता पुढे ढकलायचा आणि बाकीच्यांनी तो भरून काढायचा असं त्यांनी सभेत ठरवलं आणि तसं वहीत लिहिलं. त्या वहीची मी पानं उलटून पाहिली आहेत. शाळेत जाणाऱ्या एका सभासदाच्या मुलीने ती लिहिली होती. खाडाखोड होती, पण बेरीज चुकलेली नव्हती. त्या गटाची बाकी माझ्या कारकिर्दीत एकदाही थकली नाही. त्याच वेळी तालुक्यातल्या काही प्रतिष्ठितांची कर्जं थकीत खात्यात होती, त्यांची नावं सांगायला हे व्यासपीठ योग्य नाही.

मी त्या गटाकडून शिकलो ते असं. कर्ज फिटतं ते तारणामुळे नाही आणि नुसत्या ओळखीमुळेही नाही. ‘पैसा आपला आहे’ हे माहीत असेल तर फिटतं. हेच विसरलं गेलं की काय होतं ते आपण आंध्र प्रदेशात पाहिलं. तिथे बचत गटांची चळवळ फार मोठी झाली होती. त्या तयार रस्त्यावरून खाजगी मायक्रोफायनान्स कंपन्या आल्या. एकेका बाईला तीन-तीन, चार-चार कंपन्यांचं कर्ज. गट नावापुरता, सभा म्हणजे फक्त हप्ता गोळा करायची वेळ. एका मोठ्या कंपनीचे शेअर 2010 च्या ऑगस्टमध्ये बाजारात आले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वसुलीच्या जाचाच्या आणि आत्महत्यांच्या बातम्यांवरून राज्य सरकारला अध्यादेश काढावा लागला. रिझर्व्ह बँकेने मालेगाम समिती नेमली, तिने सुचवलं की एका कर्जदाराला दोनपेक्षा जास्त कंपन्यांनी कर्ज देऊ नये. म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला दोन्हीकडे दहा बायका गोल करून बसलेल्याच दिसतात. एकीकडे त्या सभासद आहेत, दुसरीकडे ग्राहक. सगळा फरक त्यात आहे.

आता जरा लांब, केनियाला जाऊ. तिथे 1977 मध्ये प्रा. वांगारी मथाई यांनी ‘ग्रीन बेल्ट’ नावाची चळवळ सुरू केली. खेड्यातल्या बायकांच्या तक्रारी साध्या होत्या : सरपण मिळत नाही, झरे आटले, माती वाहून जाते. मथाईबाईंचं म्हणणं, मग झाडं लावू. वनखात्याचे लोक म्हणाले, झाडं लावायला डिप्लोमा लागतो. बायका म्हणाल्या, आम्ही मका लावतो तो काय डिप्लोमा घेऊन? त्यांनी आपल्या अकलेने रोपवाटिका केल्या. प्रत्येक रोपामागे अगदी थोडे पैसे मिळत, तेही रोप जगलं तरच. (पुन्हा तीच ब्रॅकची युक्ती. आपल्याकडच्या वृक्षारोपणात मोबदला फोटोत मिळतो आणि तोही लावताना.) 2004 मध्ये मथाईबाईंना नोबेल मिळालं तोपर्यंत तीन कोटींच्या आसपास झाडं लागली होती.

झाडं लावेपर्यंत सरकारला काही अडचण नव्हती. अडचण आली 1989 मध्ये. नैरोबी शहराच्या मधोमध उहुरू पार्क नावाचं मोठं उद्यान आहे. उहुरू म्हणजे स्वातंत्र्य. गोरगरीब रविवारी मुलांना घेऊन तिथे येतात. सत्ताधारी पक्षाने ठरवलं की त्या उद्यानात साठ मजली टॉवर बांधायचा, त्यात पक्षाचं कार्यालय, वर्तमानपत्राचं कार्यालय, आणि शेजारी राष्ट्राध्यक्ष मोई यांचा भव्य पुतळा. मथाईबाईंनी पत्रं लिहायला सुरुवात केली. मंत्र्यांना, परदेशी वकिलातींना, पैसे देणाऱ्यांना. त्यांचा प्रश्न एवढाच होता की लंडन-न्यूयॉर्कच्या मधल्या बागेत असा टॉवर बांधू द्याल का? संसदेत त्यांच्यावर आणि त्यांच्या सहकारी बायकांवर अतिशय खालच्या पातळीची टीका झाली, घटस्फोटित बायकांचं टोळकं वगैरे. कोर्टाने दावा फेटाळला. चळवळीचं कार्यालय सरकारी इमारतीत होतं, ते चोवीस तासांत खाली करायला लावलं. बाईंनी कार्यालय स्वतःच्या छोट्या घरात आणलं. शेवटी परदेशी गुंतवणूकदार मागे सरले आणि टॉवर बारगळला. बाग अजून आहे.

ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो आहे. सेवाभावी संस्थांचं कौतुक करायला सगळ्याच सरकारांना आवडतं, जोपर्यंत त्या झाडं लावतात, औषधं वाटतात. ‘ही जागा कुणाची, हा पैसा कुणाचा’ असं त्यांनी विचारलं की वातावरण बदलतं. हे आफ्रिकेतच होतं असं नाही.

राजस्थानात हा प्रश्न विचारला गेला तो दुष्काळी कामांच्या मजुरीवरून. अरुणा रॉय आयएएसची नोकरी सोडून समाजकार्यात आलेल्या. त्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी राजसमंद जिल्ह्यातल्या देवडुंगरी या खेड्यात मातीच्या घरात राहून 1990 मध्ये मजदूर किसान शक्ती संघटन स्थापन केलं. मजुरांना पूर्ण मजुरी मिळत नव्हती. विचारलं तर उत्तर, तुम्ही कामच कमी केलंत, मस्टर रोलमध्ये लिहिलं आहे. मस्टर रोल दाखवा म्हटलं तर ते गुप्त! 1994 च्या डिसेंबरमध्ये कोटकिराना गावात पहिली जनसुनवाई झाली. मिळालेली सरकारी कागदपत्रं माइकवर मोठ्याने वाचायची, एवढंच. अमुक अमुकने इतके दिवस काम केलं, इतके रुपये घेतले. आणि समोर बसलेला माणूस उठून म्हणे, मी तर त्या कामावर गेलोच नव्हतो. अशा सुनावण्यांत मेलेल्या माणसांनीही मजुरी घेतल्याचं निघालं. न बांधलेल्या भिंतींची बिलं निघाली.

1996 च्या एप्रिलमध्ये ब्यावर गावी धरणं सुरू झालं, ते चाळीस दिवस चाललं. गावातले दुकानदार, भाजीवाले रोज काही ना काही आणून देत. ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’ अशी घोषणा होती. तिथून निघालेला धागा शेवटी माहितीच्या अधिकाराच्या कायद्यापर्यंत गेला. महाराष्ट्रात अण्णा हजारे यांची आंदोलनं झाली आणि आपल्या राज्याचा कायदा केंद्राच्या आधी आला. केंद्राचा कायदा 12 ऑक्टोबर 2005 पासून लागू झाला. दहा रुपयांच्या अर्जावर आज आपण जे विचारू शकतो ते मजुरी बुडालेल्या अडाणी म्हटल्या जाणाऱ्या माणसांमुळे. आपल्यासारख्या सुशिक्षितांना मस्टर रोल म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं.

दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर हिशेब अर्धा राहील. स्वयंसेवी संस्था म्हटलं की सगळं चांगलंच, असं अजिबात नाही. पुष्कळ संस्था कागदावरच्या असतात. काही घरच्याच चार नावांच्या. ज्यांना परदेशातून पैसा येतो त्यांचे डोळे देणगीदाराकडे लागलेले असतात, अहवाल इंग्रजीत जातो आणि ज्यांच्यासाठी काम चाललंय त्यांना तो कधी दिसत नाही. म्हणून नियंत्रण हवंच. आपल्याकडे परदेशी देणग्यांवर 1976 पासून कायदा आहे, 2010 मध्ये तो नव्याने केला आणि 2020 मध्ये आणखी कडक. आता देशातल्या कुठल्याही संस्थेला परदेशी देणगी आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एका ठराविक शाखेतल्या खात्यातच घ्यावी लागते, आणि प्रशासकीय खर्च शंभरात पन्नासऐवजी वीसच करता येतो. बँकवाला म्हणून मला तपासणीबद्दल आक्षेप नाही, मी जन्मभर तेच केलं. पण ज्या संस्थेचं काम माणसं पाठवून समजावणं हेच आहे, तिथे पगार हा वरखर्च धरायचा की काम धरायचं? ब्रॅकच्या त्या मीठ-गूळ शिकवणाऱ्या बायकांचा पगार कुठल्या रकान्यात टाकला असता? यावर माझं आणि माझ्या मुलाचं एकमत नाही. तो म्हणतो, बाबा, तुम्ही जास्त विश्वास टाकता. तो पुढच्या रांगेत बसला आहे, त्याला जेवताना विचारा.

मला स्वतःला एक साधी चाचणी पुरते. संस्थेचा हिशेब ज्यांच्यासाठी ती आहे त्यांच्यासमोर, त्यांच्या भाषेत वाचला जातो का? त्या बचत गटाचा जात होता. कोटकिरान्यात सरकारचा वाचला गेला. साठ मजली टॉवरचा मात्र कुणाला दाखवलाच नव्हता.

आता ही चाचणी आपल्याला लावू. जेवणाची वेळ झाली आहे हे मला दिसतंय, दोनच मिनिटं.

पंचवीस वर्षांपूर्वी या इमारतीत राहायला आलो तेव्हा बिल्डरने सोसायटी नोंदवून द्यायला टाळाटाळ केली. आपल्यातल्या सात-आठ जणांनी रजा काढून उपनिबंधकांच्या कार्यालयात खेटे घातले. त्यातले तिघे आज हयात नाहीत. पाण्याची लाइन, लिफ्टची दुरुस्ती, गच्चीची गळती, सगळं सभेत भांडून झालं आणि सभेनंतर चहा एकत्र झाला. सहकारी संस्था स्थापन करणं हा 97 व्या घटनादुरुस्तीनंतर आपला मूलभूत अधिकार आहे, कलम 19 मध्ये तसे शब्द आहेत. अधिकार पक्का झाला आणि हजेरी घटली. गेल्या तिन्ही वार्षिक सभा कोरमअभावी अर्धा तास तहकूब करून मग घ्याव्या लागल्या. मागच्या सभेत जमाखर्च मंजूर झाला तेव्हा सभागृहात किती माणसं होती हे मी मोजलं होतं : अकरा. आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या रात्री त्याच जमाखर्चावर किती संदेश आले तेही मोजलं, ते सांगत नाही.

खजिनदारांनी यंदा माझी एक सूचना मानली आहे. ताळेबंद इंग्रजीत छापून वाटण्याबरोबरच तो सभेत मराठीत, एकेक रक्कम घेऊन वाचायचा. सिंकिंग फंडात किती आहे, कुठल्या बँकेत आहे, मुदत कधी संपते, दुरुस्तीचं बिल कुणी पास केलं. ज्याला प्रश्न असेल त्याने उभं राहून विचारायचं. भाड्याने राहणाऱ्यांना मत नाही, पण मागे खुर्च्या टाकून त्यांनाही ऐकायला बोलवायचं, कारण मेन्टेनन्स शेवटी त्यांच्याच भाड्यातून येतो.

दुसरी गोष्ट निवडणुकीची. समितीची मुदत येत्या काही महिन्यांत संपते. आताच्या सेक्रेटरींनी नऊ वर्षं काम केलं आहे आणि त्यांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं आहे. अजून एकाही तरुण सभासदाने नाव दिलेलं नाही. पुरेसे उमेदवार आले नाहीत आणि समितीच बनली नाही तर सहकार कायद्याच्या कलम 77-अ खाली निबंधक बाहेरचा प्रशासक नेमू शकतात. मग गच्चीच्या चावीसाठीसुद्धा त्यांच्याकडे अर्ज करावा लागेल, आणि त्यांचं मानधन आपल्याच मेन्टेनन्समधून जाईल. पुढच्या पाच-सात वर्षांत पुनर्विकासाचा विषय येणार हे सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा बिल्डरच्या समोर आपल्या बाजूने कोण बसलेलं असावं, हे आता ठरायचं आहे.

उमेदवारीचे फॉर्म कधी मिळणार याची तारीख निवडणूक अधिकाऱ्यांकडून आली की नोटीस बोर्डावर लागेल. तोपर्यंत ज्यांना काम समजून घ्यायचंय त्यांच्यासाठी मी आणि आपले माजी खजिनदार दर रविवारी सकाळी दहा ते अकरा सोसायटीच्या ऑफिसात बसणार आहोत. वह्या उघड्या असतील. पहिल्यांदा येणाऱ्यांनी घाबरू नये, चहा असेल.

जेवण गच्चीवर आहे, ज्येष्ठांनी लिफ्टने जावं.